बायांना हाफ, कुत्र्याला फुकट

बोरसेबाईंच्या बांगड्या कधी वाजल्या नाहीत. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या असायच्या, चांगल्या भरगच्च. पण बालवाडीच्या दारात चपला काढल्या की त्या आधी पिशवीतून दोन रुमाल काढायच्या आणि दोन्ही मनगटांवर बांगड्यांसकट करकचून बांधायच्या, एक टोक दातात धरून. मी तिथं मदतनीस म्हणून नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बाईंना भाजलंबिजलंय की काय. विचारलं तर म्हणाल्या, "पोरांना ऐकू जातं." यापुढं खुलासा नाही. खुलासा करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

आमची बालवाडी जळगावात मेहरूणला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका ट्रस्टची. वर पत्रे, त्यामुळं मार्च लागला की आत भट्टी. पोरं सगळ्या तऱ्हेची यायची, एसटीतल्या लोकांची, भाजीवाल्यांची, दुकानदारांची, कंपनीत कामाला जाणाऱ्यांची. बाई मूळच्या धुळ्याच्या. नवऱ्याची देवपुरात पिठाची गिरणी होती. त्या आठवडाभर मेहरूणला एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारी धुळ्याची गाडी धरायच्या. मूलबाळ नव्हतं. आता पुढं मी जे सांगणार आहे ते ऐकून लोक लगेच म्हणतात, मूल नव्हतं ना, म्हणून तसं केलं असेल. अशा लोकांचा मला भयंकर राग येतो. ज्यांना चार-चार आहेत त्यांनी काय दिवे लावलेत, ते मी रोज दारात बघते.

प्रार्थना, गाणी, खाऊ हे सगळं इतर बालवाड्यांसारखंच. वेगळा होता तो मोकळ्या खेळाचा तास. त्या वेळात बाई कोपऱ्यात माठाजवळ पाट टाकून बसायच्या, मांडीवर सूप, सुपात दादर ज्वारी नाहीतर तूरडाळ. पाठ अर्धी पोरांकडं. डाळ निवडत बसलेल्या बाईकडं कोण लक्ष देतं? पोरं त्यांना विसरून जायची. ती डाळ निवडून झाली की बाई तेच खडे परत तिच्यात मिसळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच डाळ. मी हसले होते एकदा. त्यांना हसू आलं नाही.

त्यांचा नियम एकच. खेळात मोठ्या माणसानं हात घालायचा नाही. काय करतोस विचारायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही, समोर उभं राहून बघायचंसुद्धा नाही. "आपण बघायला लागलो की पोरं आपल्यासाठी खेळतात," त्या म्हणायच्या. "मग तो खेळ राहत नाही, शाळा होते." आणि तरी त्यांना सगळं दिसायचं. कोण कोणाला घेत नाही, कोण रोज आईच होतं, कोण भांडणात आधी माघार घेतं. मी धावत जाऊन काही सांगायला लागले की मान न वळवता म्हणायच्या, "मला दिसतंय."

ट्रस्टच्या कामाचं बघायला एक भाभी यायच्या. शहरात त्यांचं मोठं कापडाचं दुकान. स्वभावानं चांगल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोलू. एकदा पोरांनी चहाची टपरी मांडली होती आणि भाभी हौसेनं साडी सावरत खाली बसल्या, मला पण एक कटिंग द्या म्हणाल्या. टपरीवाल्यानं रिकामा कप दिला. भाभींनी फुर्रकन चहा प्यायला, छान झालाय म्हणाल्या. त्याबरोबर टपरीवाला उठला, हाताची घडी घालून उभा राहिला आणि त्यानं 'नाच रे' गायला तोंड उघडलं. पाहुण्यांसमोर म्हणायचं असतं ना! भाभी कौतुकानं टाळ्या वाजवत होत्या आणि बाई कोपऱ्यात कपाळावर आठी घालून डाळ निवडत होत्या. त्या दिवशी टपरी पुन्हा उघडली नाही.

परीची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. परी म्हणजे एक किरकोळ, शेंबडी, सावळी पोर. आई-बाप दोघं डाळमिलमध्ये कामाला. ही पोर कुठल्याच खेळात नसायची. घर-घर चाललंय, ही भिंतीला. केळीचा ट्रक भरताहेत, ही भिंतीला. जवळ गेली की कोणीतरी म्हणायचं, जागा नाही. मला बघवायचं नाही. मी म्हटलं, बाई, नुसतं सांगा ना त्यांना, हिला घ्या म्हणून. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं तर घेतील. मी गेले की सोडून देतील." आणि आठवडेच्या आठवडे ती पोर भिंतीला टेकून राहिली आणि बाई डाळ निवडत राहिल्या. मला तेव्हा त्या दगडाच्या वाटल्या होत्या.

तेव्हा आमच्याकडं एसटीचा खेळ जोरात होता. दोन बाकडी जोडली की गाडी तयार. कंडक्टर कायम ओम. त्याचा बाप, संदीपभाऊ, खरोखरच एसटीत कंडक्टर होता, त्यामुळं हा हक्क कोणी त्याच्याकडून काढून घेत नसे. त्याच्या हातात एक मोडका कॅल्क्युलेटर असायचा, ते त्याचं तिकिटाचं मशीन. गळ्यात दप्तर आडवं. जाड्या आवाजात ओरडायचा, "चला, बायांना हाफ! आधार कार्ड काढून ठेवा!" ऐकणाऱ्याचं पोट दुखेल इतकं हुबेहूब. एक दिवस परी भिंत सोडून गाडीपाशी आली आणि बाकाजवळ खाली, हातापायांवर बसली. कोणी म्हणालं, ही कोण? परी म्हणाली, "कुत्रा." गाडीत कुत्रा घेत नाहीत, असा मागून आवाज आला. ओमनं मशीनची दोन बटणं दाबली, विचार केला आणि जाहीर केलं, "बायांना हाफ, कुत्र्याला फुकट. चढ गं."

बाईंची बोटं सुपात थांबली. त्या पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलल्या. कुत्रा झाली, आत आली, म्हणाल्या, दिवाळीपर्यंत मावशी होईल. खरंच झाली, दिवाळीच्याही आधी. आधी कुत्रा, मग आजारी पेशंट, मग पदर घेतलेली मावशी, तीही गाडीत उभी राहून भांडणारी. त्या दिवसानंतर मी बाईंशी वाद घालणं कमी केलं. खेळाच्या बाबतीत तरी.

आणि मग पावसाळा सरताना ओमला ताप आला. डेंग्यू. खाजगी दवाखान्यात नेला, रक्त चढवलं, धावपळ केली, सगळं केलं. आठवडासुद्धा निघाला नाही. एवढंसं पोर गेलं. मी आजही त्याबद्दल नीट बोलू शकत नाही, बोलणार नाही.

बाईंनी पोरांना गोल बसवलं आणि सांगितलं. ओमला ताप आला होता. तो मेला. आता तो बालवाडीत येणार नाही. शब्द अगदी हेच, मी शेजारी होते. एका पोरानं विचारलं, त्याचा डबा कोण खाणार? बाई म्हणाल्या, कोणी नाही. यावरून नंतर काही पालक चिडून आले, भाभींचाही फोन आला, की देवाघरी गेला असं सांगायचं असतं. बाईंचं उत्तर असं, की देवाचं घर म्हटलं की पोरं पत्ता विचारतात. पोरांना खोटं सांगायचं नाही, यावर त्या ठाम होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढं याच बाई खोट्यात शिरल्या.

थोडे दिवस बाकडी तशीच पडून होती. मग एकदा पोरांनी ती जोडली. गाडी भरली, पण कंडक्टर कोण होणार? परी म्हणाली, "कंडक्टर मागे आहे. गर्दीत दिसत नाही." झालं, गाडी सुटली. तिकिटासाठी हात मागं जाऊ लागले. कोणी विचारलं, ओम, धुळ्याला किती वाजता पोचणार, की परी मागं वळून ऐकल्यासारखं करायची आणि सांगायची, तो म्हणतो उशीर होईल. मी बाईंकडं बघितलं. बाईंनी मानेनंच सांगितलं, करू दे. पोरं त्याला हळूहळू सोडताहेत, त्यांचा वेळ त्यांना घेऊ दे, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं.

ओमची आई, वैशाली, त्याचं दप्तर आणि नॅपकिन न्यायला आली ती नेमकी त्या वेळेला. शिरपूरकडची, साधी बाई. मुलगा गेल्यापासून ती अन्नाला शिवत नव्हती, घरचे कसंबसं चहा-पाणी घशात ओतत होते. दारातच तिच्या कानावर आलं, "ओम, बायांना हाफ ना?" आणि परीचं उत्तर, "हो म्हणतोय." वैशाली उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. तास संपेपर्यंत बघत राहिली आणि दप्तर तसंच खुंटीला ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. बाईंनी दुसरा पाट टाकला, तिच्या मांडीवर सूप दिलं आणि आपल्या हातानं तिच्या बांगड्यांवर रुमाल बांधला.

ती रोज यायला लागली. संदीपभाऊ एकदा ड्यूटीवर जाताना खाकी कपड्यांतच आला आणि बाईंसमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, ती इथून घरी येते आणि अर्धी भाकरी खाते. ओम आज काय बोलला ते सांगत सांगत खाते. ज्या दिवशी इथं सुट्टी असते त्या दिवशी ताट तसंच राहतं. तुम्ही तिला येऊ नको म्हणू नका. एवढा उंचापुरा माणूस, पण आवाज पार बसलेला. बाईंनी फक्त मान हलवली.

पण पोरं ती पोरं. दिवाळी झाली, कोणाच्या तरी मामाचं लग्न झालं आणि बालवाडीत सगळीकडं लग्नच लग्न. बाकड्यांचं स्टेज झालं, ओढणीचे फेटे झाले. गाडी बंद. बाईंनीच सांगितलेलं तसं पोरांनी ओमला सोडलं. वैशाली पाटावर बसून एका पोराच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी तिनं बाईंचा हात धरला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, आला नाही का म्हणून.

"मना पोऱ्या उना नही का आज?"

बोरसेबाई उठल्या. सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत त्या लग्नाच्या मधोमध गेल्या, बाकड्याच्या कडेवर बसल्या आणि मागच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाल्या, "कंडक्टर, एक धुळे द्या."

लग्न जागच्या जागी थांबलं. नवरदेव तोंड उघडं टाकून बघत राहिला. इतक्या वर्षांत बाईंनी कधी असं केलं नव्हतं. आणि परी, ती शहाणी, सगळ्यांचे चेहरे वाचणारी पोर, तिनं बाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "बायांना हाफ म्हणतोय."

इथून पुढं सगळं बिघडत गेलं. रोज बाई तिकीट मागायच्या, रोज परी ओमचं बोलणं सांगायची. सुरुवातीला दोन-चार पोरं गाडीत बसायची, बाईंनी बोलावलं म्हणून. मग तीही लग्नाकडं, दवाखान्याकडं सरकली. उरली एकटी परी, दोन बाकडी आणि दोन मोठ्या बायका. परी आता खेळत नव्हती, आधी बाईंकडं बघायची, मग वैशालीकडं, आणि मग बोलायची. वैशाली प्रश्न विचारायला लागली. त्याला थंडी वाजते का? तो मला काय म्हणतो? एवढीशी पोर उत्तरं बनवून द्यायची. वैशाली तिच्यासाठी ओमला आवडायचे ते बिस्किटाचे पुडे आणायची आणि परी ते गुपचूप खायची. इतर पोरांनी तिला बोलावणं सोडून दिलं. एका मुलीला मी स्वतः सांगताना ऐकलं, ती मेलेल्या पोराबरोबर खेळते, तिला घेऊ नको.

मी गप्प बसणारी नव्हे. पोरं घरी गेल्यावर बाईंना म्हटलं, बाई, नियम तुमचाच होता ना? तुम्ही ती पोर परत भिंतीला नेऊन लावलीत. बाई रुमालाची गाठ सोडत होत्या. म्हणाल्या, मला दिसतंय. मी म्हटलं, दिसतंय तर थांबवा की! तर म्हणाल्या, "थांबवलं तर ती जेवायची नाही, मीना." त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि परी सगळ्यांत लहान होती.

हे संक्रांतीच्या पुढंमागं कधीतरी संपलं. वैशाली अजून यायची होती. बाई माठाजवळ पाट टाकत होत्या. परी त्यांच्याजवळ आली, त्यांच्या पदराचं टोक धरून उभी राहिली आणि अगदी हळू विचारलं, "बाई, आज मी कुत्रा होऊ?"

पोरं खेळात परवानगी मागत नाहीत हो. आमच्याकडं कधीच कोणी मागितली नव्हती. बाईंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. त्या म्हणाल्या, हो, जा. परी गेली. तिकडं दवाखाना चालला होता. ती तिथं दाराशी हातापायांवर बसली आणि डॉक्टर झालेल्या पोरानं तिला हाड म्हटलं. हाड म्हटलं म्हणजे दखल तरी घेतली, असं मी मनाशी म्हणत राहिले.

वैशाली आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिला आत घेतलं नाही. जे पोरांना सांगितलं होतं तेच तिला सांगितलं, त्याच सपाट आवाजात. ओम मेला आहे. तो इथं येत नव्हता, परी बोलत होती. आता बोलणार नाही. वैशाली ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, "मंग मी कोठे जाऊ?"

वैशाली उन्हातून परत गेली. खुंटीवरचं दप्तर मी तिच्या मागून धावत जाऊन दिलं, ते तिनं कडेवर घेतलं. बाई तशाच दारात. संध्याकाळी कुलूप लावताना एवढंच म्हणाल्या, "ते काम त्या पोरीचं नव्हतं. मी तिच्यावर टाकलं."

वैशालीनं पुन्हा खाणं सोडलं. सलाईनवर ठेवावं लागलं. बरी झाली असं कोणी म्हणेना. शेवटी संदीपभाऊनं धुळे डेपोला बदली करून घेतली, तिकडून तिचं माहेर जवळ म्हणून. परी पुढच्या जूनला मोठ्या शाळेत गेली. जाईपर्यंत ती प्रत्येक खेळात कुत्राच राहिली. मावशी काही परत झाली नाही. बाईंनी ते सगळे महिने बघितलं. आणि निवृत्तीला अवकाश असताना अचानक राजीनामा देऊन त्या धुळ्याला निघून गेल्या. निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. भाभींनी आणलेली साडी तशीच परत गेली.

मागच्या वर्षी धुळ्याला नात्यातलं लग्न होतं. मी सवड काढून देवपुरात गिरणी शोधत गेले. बाईंचा नवरा पिठानं पांढरा झालेला, गिरणीच्या आवाजात ओरडूनच बोलला. ती घरी नाही, म्हणाला, या वेळेला रोज तिकडं असते. दोन गल्ल्या सोडून, एसटीवाल्याकडं.

संदीपभाऊ घराच्या पायरीवर बसला होता. खाकी अंगात, ड्यूटीची बॅग मांडीवर. केस पार पिकलेले. मला बघून तो ओळखीचं हसला, पण तोंडावर बोट ठेवलं. "थोडं थांबा ताई," म्हणाला, "आत्ता मधे जाऊ नका. ती जेवते आहे." खिडकी उघडी होती. मी पायरीवरूनच बघितलं.

आत पलंगावर बाई बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, पाय सुजलेले. गळ्यात ओमचं ते छोटं दप्तर आडवं. हातात कॅल्क्युलेटर. दोन्ही मनगटांवर रुमाल, करकचून. समोर जमिनीवर वैशाली, पुढ्यात ताट. बाईंनी घसा खाकरला आणि ज्या आवाजात त्यांनी बालवाडीत कधी साधी हाकसुद्धा मोठ्यानं मारली नव्हती, तो आवाज जाडा करून त्या ओरडल्या, "चला, बायांना हाफ!"

वैशालीनं वर बघितलं. "तू जेवना का, मना पोऱ्या?"

"मी जेवनू," बोरसेबाई म्हणाल्या. "तू जेव."

वैशालीनं भाकरीचा तुकडा मोडला. बाईंनी नजर भिंतीकडं वळवली, तशीच, अर्धी पाठ करून, तिला वाटू नये की कोणी बघतंय. पण घास तोंडात जाईपर्यंत त्यांचे डोळे कोपऱ्यातून तिच्या हातावर होते.

लग्नाला म्हणून मी हातभर बांगड्या घातल्या होत्या. त्या दुसऱ्या हातानं दाबून धरल्या आणि संदीपभाऊला न सांगताच पायरी उतरले.